आपापली बैठक

गागोद्याच्या शंभूराव भाव्यांची पूजा बराच वेळ चाले. एके दिवशी पूजा चालू असताना देवावर विंचू चढला. घरात गलका झाला, कुणी मारायला पुढे आलं. शंभूरावांनी सगळ्यांना अडवलं. हा देवाच्या आश्रयाला आलाय, याला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं आणि विंचू तसाच बसलेला असताना गंध, फुलं, नैवेद्य सगळं यथासांग केलं. पूजा झाली, विंचूही आपल्या वाटेने गेला. शंभूरावांच्या नातवाने, विनायकाने, ही आठवण पुढे आवर्जून सांगितली. हा नातू म्हणजे विनोबा. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५चा, आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्यातच झालेला.

ध्यानाविषयी कुणी विचारलं की मला आधी ही गोष्ट आठवते. यंदा विचारलं ते माझ्या भाचीने. ती ठाण्याला असते, संगणकाच्या नोकरीत आहे. रोज रात्री फोनवरचं ॲप लावून ध्यानाला बसते. सलग किती दिवस बसलो, किती मिनिटं बसलो, सगळं ते ॲप दाखवतं. गणपतीला आली तेव्हा म्हणाली, "मावशी, मी नेमाने बसते गं. पण काही होतच नाही. माझं बरोबर चाललंय की नाही, हे कळायचं कसं?"

तिच्या प्रश्नात तळमळ होती. दिवसभर पडद्याकडे बघून थकलेली ही मुलं रात्री शांत व्हायला बसतात, ते मला मोलाचं वाटतं. पण 'काही होणं' म्हणजे प्रकाश दिसणं, अंग हलकं होणं, असं कुणीतरी त्यांच्या मनात भरवून दिलेलं असतं. मग त्याचीच वाट बघत बसतात आणि ते आलं नाही की खचतात.

विनोबासुद्धा अशाच ओढीने घर सोडून निघाले होते. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीकडे वळले. वय वीस. मनात दोन ओढी होत्या, एक हिमालयाची आणि एक बंगालच्या क्रांतीची. ७ जूनला ते अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात गांधीजींपुढे उभे राहिले, तेव्हा गांधीजी भाजी चिरत होते. त्यांनी विनोबांच्याही हातात सुरी दिली. ब्रह्माच्या शोधात निघालेल्या मुलाने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा भाजी चिरली. हिमालय राहिला, पण शांतीही इथेच आहे आणि क्रांतीही इथेच आहे, हे त्यांना उमगलं. पुढे सूतकताई, दळण, सफाई, खोदकाम हीच त्यांची साधना झाली.

१९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर त्यांनी कैद्यांसमोर प्रवचनं केली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहेत. सहावा अध्याय ध्यानयोगाचा. त्यात विनोबांनी तीन गोष्टी मागितल्या आहेत: चित्ताची एकाग्रता, तिला पोषक अशी जीवनाची परिमितता, आणि समदृष्टी. आपण सगळे पहिलीच्याच मागे लागतो. श्वास मोजतो, ज्योतीकडे बघतो. दुसरी म्हणजे खाणं, झोपणं, बोलणं, पाहणं, ऐकणं मापात ठेवणं. दिवसभर कान-डोळे मोकाट सोडून रात्री पंधरा मिनिटांत मन आवरेल, अशी आशा धरता येत नाही.

पण माझं मन तिसरीपाशी अडतं, आणि वर्षानुवर्षं तिथेच आहे. विनोबांचं म्हणणं असं की सृष्टी मंगल आहे, आपली आहे, असं वाटल्याशिवाय चित्त ठरत नाही. भोवती सगळे आपल्या वाईटावर आहेत असं ज्याला वाटतं, तो डोळे मिटून निवांत बसणार कसा? त्याचं मन राखणच करत राहणार. शंभूरावांची पूजा मोडली नाही, कारण त्यांना विंचवात शत्रू दिसलाच नाही. त्यांनी एकाग्रतेसाठी धडपड केली नव्हती. विंचवाकडे पाहण्याची नजर आधीच तयार होती, त्यामुळे मन आपोआप जागेवर राहिलं.

भाचीला मी हेच सांगितलं. बसल्यावर काय होतं ते मोजू नकोस. उठल्यावर ऑफिसात तुझ्या कामात खोट काढणाऱ्या बाईकडे तू कशी बघतेस, ते बघ.

ती म्हणाली, "ते तर बसण्याहून कठीण आहे."

कठीण आहेच. त्यावरचा एक उपाय मला रोह्यात दिसतो. पेणहून नागोठण्यावरून रोह्याला जायला फार वेळ लागत नाही. विनोबांनंतर पंचवीस वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९२० रोजी, तिथे पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. आजोबांनी त्यांच्यासाठी जुन्या गुरुकुलाच्या धर्तीवर वेगळ्या शिक्षणाची सोय केली. त्यांच्या वडिलांनी १९२६ साली मुंबईत माधवबागेत गीता पाठशाळा सुरू केली होती; पांडुरंगशास्त्रींनी पुढे तीच चालवली. गीता तीच, पण वाट निराळी. विनोबा एकांतातून माणसांकडे आले. दादांनी, म्हणजे पांडुरंगशास्त्रींनी, मात्र सुरुवातच माणसांपासून केली. त्यांच्या स्वाध्याय परिवारातली त्रिकाळ संध्या किती साधी आहे बघा: उठताना, जेवताना आणि झोपताना देवाचं स्मरण. जाग कोण आणतं, अन्न कोण पचवतं, झोपेत सांभाळतं कोण, एवढाच विचार दिवसातून तीनदा करायचा. त्याला आसन लागत नाही, वेगळी खोली लागत नाही. मच्छीमारी करणाऱ्या बाईलाही ते जमतं आणि कारखान्यात पाळीवर जाणाऱ्यालाही.

जो माझ्यात आहे तोच समोरच्यात आहे, हे एकदा मनात रुजलं की त्याला भेटायला जावंसं वाटतं. म्हणून स्वाध्यायी पदरमोड करून भक्तिफेरीला गावोगाव निघाले. शेतकऱ्यांनी 'योगेश्वर कृषी'त वर्षातले काही दिवस देवाच्या शेतावर राबायचं, पीक कुणा एकाचं नाही. कोळ्यांनी 'मत्स्यगंधा' बोटीवर पाळीपाळीने जायचं, मिळकत देवाची, गरजूला जायची. दादांना १९९६ साली मॅगसेसे आणि १९९७ साली टेम्पलटन पुरस्कार मिळाला. मला मात्र त्या बोटीचा विचार जास्त मोठा वाटतो. आज मासळी आपली नाही हे माहीत असूनही जाळं तेवढ्याच निगुतीने टाकायचं, याहून उत्तम एकाग्रता मी तरी कुठे ऐकलेली नाही.

मी कोणत्याही परिवाराची नाही. पहाटे घरात एकटी बसते, कारण माझा स्वभाव तसा आहे. एकटेपणात जी माणसं कोमेजतात, त्यांनी हट्टाने डोळे मिटून बसू नये; त्यांना रोह्याची वाट मानवेल, किंवा रेवदंड्याहून गावोगाव पसरलेली दासबोधाची बैठक. आपला पिंड ओळखण्यातच अर्धी साधना आहे, असं मला मनापासून वाटतं. आईला मी कधी आसनावर बसलेलं पाहिलं नाही. मिरगुंड वळताना तिचं नामस्मरण चाले आणि त्या वेळी तिला कुणाचाही राग येत नसे.

भाचीला मी आमच्याकडच्या एका गणपतीच्या कारखान्यात घेऊन गेले होते. शेवटच्या मूर्तींची आखणी चालली होती. डोळे आखणं हे सगळ्यांत जबाबदारीचं काम, ते मुरलेल्या हाताकडेच असतं. बाहेर टेम्पो लागलेले, माणसं घाई करत होती. भाचीने त्या काकांना विचारलं, "एवढ्या गडबडीत लक्ष कसं लागतं तुमचं?" ते म्हणाले, "मनात दुसरं काही आलं तर ब्रश खाली ठेवतो. गेलं की उचलतो." तिने त्यांना आणखी काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र तिने फोनवरची ती दिवसांची मोजणी बंद केली.

आता दिवाळीनंतर आम्हाला कुड्याला जायचंय. रोह्याहून तळ्याकडे गेलं की मांदाडच्या खाडीवर ही सव्वीस बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. भिक्खूंच्या खोल्यांत दगडी ओटे अजून आहेत. ती बघायची तिला उत्सुकता आहे. मला तिला तिथले शिलालेख दाखवायचेत. दान देणाऱ्यांत तिथल्या महाभोज या सत्ताधारी घराण्यातली माणसं आहेत, तसा एक वैद्य आहे, एक माळी आहे, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. आपापला धंदा सांभाळणाऱ्या या माणसांना, कुणीतरी निवांत बसावं म्हणून डोंगर कोरायला पैसे द्यावेसे वाटले. ते स्वतः कसे बसत असतील, यावर आम्ही दोघी वाटभर बोलणार आहोत.