सोन्याच्या विटा आठवतात, हमाल का आठवत नाही?

१/ मुंबई गोदीच्या स्फोटाची कथा दर एप्रिलमध्ये नव्याने फिरते : आकाशातून सोन्याच्या विटा पडल्या, एक तर कुणाच्या घराचे छप्पर फोडून आत आली! कथा खरी आहे. पण ती अर्धीच आहे. उरलेल्या अर्ध्या कथेत माणसे आहेत.

२/ १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज दोन दिवसांपासून उभे होते. पोटात सुमारे १४०० टन दारूगोळा, सोन्याच्या ३१ पेट्या आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. एकाच कप्प्यात खाली कापूस, वर स्फोटके!

३/ स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावावे, हा नियम होता. ते लावले नव्हते. असा माल धक्क्यापासून दूर उतरवण्याचा रिवाज युद्धाच्या घाईत शिथिल झाला होता. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा.

४/ चौकशी आयोगाने आगीचे संभाव्य कारण सांगितले : निष्काळजीपणे केलेले धूम्रपान. लोकस्मृतीने तेवढेच उचलले. परंतु एका विडीने शहर जळत नाही. कापसावर दारूगोळा रचण्याचा निर्णय कोणा हमालाचा नव्हता.

५/ हे हमाल कोण होते? त्यांत कोकणातले होते, तसे घाटावरच्या दुष्काळी मुलखातून पोटासाठी उतरलेलेही होते. टोळीवाल्यामार्फत रोजाच्या बोलीवर काम मिळे. आज आहे, उद्या नाही. अंगावर गणवेश नाही, तरी युद्धाचा सारा भार त्यांच्याच पाठीवरून पुढे गेला.

६/ मृतांचा अंदाज ८०० ते १३०० असा सांगतात. अशा स्फोटात नेमकी मोजदाद कठीण, हे मान्य. तथापि सोन्याच्या पेट्या ३१ होत्या, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे आणि माणसांच्या संख्येत पाचशेचा फरक आहे. हिशेब कशाचा ठेवला जात होता, ते यावरून उघड होते.

७/ त्या दिवशी ६६ अग्निशमन जवानांनी प्राण दिले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ. आणि ते सर्वथा उचित आहे. परंतु त्याच धक्क्यावर मेलेल्या रोजंदाराला त्या स्मरणात किती जागा मिळते?

८/ सेन्सॉरने महिनाभर बातमी दाबली. सायगावच्या जपानी नियंत्रणातील रेडिओने ती दुसऱ्याच दिवशी सांगितली होती. गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा आला तो १९४८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर.

९/ ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. पाथर्डीतून आजही दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. टोळीवाल्याच्या जागी मुकादम आहे, रोजाच्या बोलीच्या जागी उचल आहे. माल टनावर मोजला जातो. तोडणारा मात्र ‘कोयता’ म्हणून, तोही नवराबायको मिळून एक!

१०/ ज्याचे नाव हजेरीपटावर नसते, त्याचे नाव इतिहासातही येत नाही. म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये सोन्याची वीट सांगताना एवढे विचारावे : ती जहाजातून उतरवायला कोण उभा होता?