गारफिल्ड हायस्कूल : चढण आणि उतार

लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडचे गारफिल्ड हायस्कूल ही मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांची शाळा. मार्च १९६८ मध्ये या शाळेतल्या आणि आसपासच्या शाळांतल्या हजारो मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. कॉलेजपर्यंत नेणारे शिक्षण आणि आपल्या समाजातले शिक्षक, या त्यांच्या मागण्या होत्या. १९७४ मध्ये हाइमे एस्कालांते हे शिक्षक तिथे रुजू झाले, तेव्हा शाळेची मान्यताच धोक्यात होती. बोलिव्हियात ते नावाजलेले शिक्षक होते. अमेरिकेत मात्र त्यांना आधी फरशी पुसावी लागली, मग कारखान्यात नोकरी करत नव्याने शिकावे लागले.

१९८८ च्या ‘स्टँड अँड डिलिव्हर’ या चित्रपटाने त्यांना जगभर पोहोचवले. साध्या अंकगणितात अडखळणारी मुले पाहता पाहता कॅल्क्युलसची कठीण परीक्षा पार करतात, असे त्यात दिसते. चित्रपट चांगला आहे, पण त्यातून होणारा समज घातक आहे. एक झपाटलेला मास्तर मिळाला की शाळा सुधारते, असे मानणारे प्रशासन मास्तर शोधत बसते आणि बाकी काहीच बदलत नाही.

प्रत्यक्षात कॅल्क्युलसचा पहिला वर्ग सुरू व्हायलाच चार वर्षे लागली. १९७९ मध्ये पाच जण परीक्षेला बसले आणि दोन उत्तीर्ण झाले. कॅल्क्युलस कळायचे तर बीजगणित, भूमिती आणि त्रिकोणमिती आधी पक्की हवी, आणि गारफिल्डमध्ये नेमके तेच कच्चे होते. म्हणून एस्कालांतेंनी खालच्या वर्गांपासून बांधणी सुरू केली. बेन हिमेनेझ यांच्यासारखे सहकारी त्यांना साथ देत होते. पुढे जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग सुरू झाले, आणि मागे पडलेली मुले सुट्टीत एखादा विषय पुरा करून पुढच्या तुकडीत जाऊ लागली. १९८१ मध्ये आलेले मुख्याध्यापक हेन्री ग्रादियास यांनी तर प्राथमिक गणिताचे वर्गच कमी केले आणि मुलांना बीजगणिताकडे वळवले. गरीब वस्तीतल्या मुलांना सोपे तेवढेच द्यावे, ही दया वाटते खरी. पण कॉलेजची वाट तिथेच बंद होते. कोणते वर्ग ठेवायचे, हा निर्णय घेण्याचा अधिकार मुख्याध्यापकाकडे असतो, एकट्या शिक्षकाकडे नाही.

१९८२ मध्ये अठराच्या अठरा मुले उत्तीर्ण झाली. काही उत्तरांतल्या चुका हुबेहूब सारख्या असल्याने परीक्षा घेणाऱ्या संस्थेने १४ जणांवर संशय घेतला. त्यांतले १२ जण ऑगस्टअखेर, तयारीला जेमतेम अवधी मिळालेला असताना, नवी प्रश्नपत्रिका सोडवायला बसले आणि सगळे उत्तीर्ण झाले. आधीच्या निकालाबद्दल कुणी काहीही म्हणो, ही मुले कॅल्क्युलस जाणत होती हे या फेरपरीक्षेने सिद्ध केले. पुढच्याच वर्षी ३० जण उत्तीर्ण झाले. १९८७ मध्ये कॅल्क्युलसच्या परीक्षेच्या दोन स्तरांवर मिळून ही संख्या ८५ वर गेली.

त्याच वर्षी ग्रादियास डॉक्टरेट पुरी करण्यासाठी शाळेतून गेले, आणि उताराची सुरुवात तिथेच शोधावी लागते. एस्कालांतेंचे वर्ग एव्हाना पन्नाशीच्या पुढे गेले होते, तर शिक्षक संघटनेच्या करारात मर्यादा ३५ ची होती. संघटनेचा हा आक्षेप खोटा नव्हता. गर्दीच्या वर्गांचा भार सगळेच शिक्षक सोसत होते. पण तो हलका करायला जादा शिक्षक हवे होते, आणि ते आले नाहीत. १९९० मध्ये एस्कालांतेंचे गणित विभागाचे प्रमुखपद गेले, आणि १९९१ मध्ये ते सॅक्रामेंटोच्या एका शाळेत निघून गेले. त्यांची जागा घेणारे शिक्षकही फार काळ टिकले नाहीत. इमारत तीच होती, वस्ती तीच होती, पण वर्षानुवर्षे खपून जोडलेली वर्गांची साखळी तुटली होती. १९९६ मध्ये कॅल्क्युलस उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या ११ वर आली.