हसू येतं, कारण अडचण खरी असते

विनोदी सिनेमा म्हणजे डोकं बाजूला ठेवून बघायची गोष्ट, असं आपल्याकडे अगदी सहज म्हटलं जातं. हे मत मला मुळातच चुकीचं वाटतं. १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. टीव्हीवर तो कितीदा लागला याची गणती नाही, तरी चालू दिसला की माणसं बसतात. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं अचूक टायमिंग हे त्याचं कारण सांगितलं जातं. ते खरंच आहे, पण पुरेसं नाही. याच जोडीने त्या काळात कितीतरी चित्रपट केले, त्यातले बरेचसे आज नावानेही आठवत नाहीत. हा टिकला, कारण त्याच्या मुळाशी एक साधी, बोचरी अडचण आहे: शहरात पोट भरायला आलेल्या पोरांना राहायला जागा मिळत नाही.

घरमालक सरपोतदारांच्या प्रसंगाकडे नीट बघा. इस्तंबूलच्या औषधाचे सत्तर रुपये, एवढ्यावरून घरमालक आणि भाडेकरू यांची खडाजंगी चालते. सुधीर जोशींचा सरपोतदार खलनायक नाही. हातची जागा आणि पदरचा पैसा दोन्ही जाईल या धास्तीत जगणारा तो मध्यमवर्गीय आहे. ही धास्तीही हवेतून आलेली नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली, भाडेकरूला बाहेर काढणं अवघड झालं आणि मालक जागा देतानाच हात आखडता घेऊ लागले. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून तर भांडण इतकं रंगतं. वसंत सबनीसांची पटकथा ही कोंडी एकदाही सैल सोडत नाही. पुढची घरमालकीण लीलाबाई काळभोर फक्त जोडप्यांना जागा देणार म्हटल्यावर पोरांपैकी दोघांनी साडी नेसणं हा चाळा उरत नाही, तो एकमेव उपाय ठरतो.

यावर कोणी म्हणेल की कथा तर उसनी आहे. आहेच. हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून ती आली. पण अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ तरी इंग्रजी ‘चार्लीज आंट’वरूनच आली आणि मराठी रंगभूमीवर पक्की रुजली. कथा कुठून आणली यापेक्षा ती इथल्या मातीत उभी राहिली का, हे महत्त्वाचं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पुरुषाने साडी नेसली की हसायचं, हा विनोद आता शिळा झाला आणि तो बायकांची टिंगल करतो. टीव्हीवरच्या बहुतेक स्किट्सबाबत मला हे शंभर टक्के मान्य आहे. तिथे साडी आहे, पण ती नेसायची गरज कुणालाच पडलेली नाही. म्हणून मग हसायला उरतो तो फक्त बाईचा देह आणि तिची चाल. ‘बनवाबनवी’त पार्वती बनलेल्या परशाची, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंची, पदर सावरताना जी त्रेधा उडते, तिच्यामागे डोक्यावरचं छप्पर जाण्याची भीती असते.

ती भीती आजही गेलेली नाही. पुण्या-मुंबईत एकट्या मुलाला, त्याहून एकट्या मुलीला, भाड्याची जागा शोधताना ‘फक्त फॅमिली’ हे उत्तर अजून मिळतं. सोसायट्यांचे नियम, रात्री कोण आलं याची वॉचमनकडची नोंद, अकरा महिन्यांचा करार आणि त्यावर ब्रोकरचं एक भाडं, यात एका नव्या फार्सचा सगळा ऐवज पडलेला आहे. लेखकांनी तो उचलावा, आणि निर्मात्यांनी साड्या भाड्याने आणण्याआधी एखाद्या पेइंग गेस्ट मुलीला तिच्या मालकिणीचे नियम विचारावेत.