पणजोबांची बंदूक खरं बोलते!

गावचं घर विकायला निघालं की माळ्यावरून काय काय खाली येतं! तांब्याचे हंडे, पितळी डबे, मोडका ग्रामोफोन... आणि एखाद्या घरात गोणपाटात गुंडाळलेली लांबलचक बंदूक. मग काय, मोबाइलवर फोटो आणि फॅमिली ग्रुपवर नुसती धमाल. काका ठामपणे सांगतात, ‘‘सत्तावनच्या बंडातली आहे.’’ आत्याचं म्हणणं, ‘‘छे रे, संस्थानिकांनी बक्षीस दिलेली.’’ आणि तुमच्या डोक्यात एकच विचार, ही आपल्या फ्लॅटच्या भिंतीवर काय कूल दिसेल! थांबा बॉस. खिळा ठोकण्याआधी त्या बंदुकीचं म्हणणं ऐकून घ्या. काका-आत्यांपेक्षा ती जास्त खरं बोलते.

त्याआधी दोन पथ्यं. एक, ती भरलेलीच आहे असं समजा. ठासणीच्या बंदुका शंभर वर्षांनंतरही भरलेल्या सापडल्या आहेत. त्यामुळे चापाला बोट नको आणि नळीत डोकावणं तर मुळीच नको. दोन, ब्रासो आणि सॅण्डपेपर लांब ठेवा. गंजाखालची पुसट अक्षरं हाच तिचा जन्मदाखला असतो. तो घासून टाकलात तर उरेल फक्त चकचकीत लोखंड.

आता पाहा, ती भरतात कशी? गोळी पुढून ठासायची आणि घोड्याखाली दिवाळीच्या टिकलीसारखी तांब्याची टोपी बसवायची, अशी असेल तर ती १८५३च्या एनफिल्डच्या घराण्यातली असू शकते. मागे डबीसारखं झाकण बाजूला उघडत असेल तर स्नायडर, म्हणजे १८६६ किंवा त्यानंतरची. दस्त्याजवळ खाली ओढायचा लांब दांडा असेल तर मार्टिनी-हेन्री, १८७१ पासूनची. आणि हाताने मागे ओढायचा बोल्ट, .३०३चं काडतूस असेल तर बहुधा ली-एनफिल्ड. ती आली १८९५मध्ये.

मग अक्षरं वाचा. घोड्याशेजारच्या लोखंडी पट्टीवर मुकुट आणि ‘व्ही. आर.’ असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. ‘ई. आर.’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. त्यानंतर ‘जी. आर.’ ‘जी. आर. आय.’ आणि इशापूर असं दिसलं तर रायफल बंगालमधल्या सरकारी कारखान्यातली. मुकुटाऐवजी मागच्या पायांवर उभा सिंह असेल तर ईस्ट इंडिया कंपनीचा माल. शिकारीची महागडी रायफल असेल तर बनवणाऱ्याचं नाव पाहा. ‘हॉलंड अँड हॉलंड’ हे नाव १८७६पासूनचं. तेव्हा तसं कोरलेली रायफल त्याआधीची असूच शकत नाही.

आता गंमत ऐका. पट्टीवर ‘१८५७’ वाचून काका उड्या मारतील. पण इंग्रजांनी हजारो जुन्या ठासणीच्या एनफिल्ड मागून कापून त्यांच्याच स्नायडर केल्या, आणि जुनी पट्टी तशीच राहू दिली. म्हणजे पट्टी सत्तावनची, पण बाजूला उघडणारं झाकण किमान नऊ वर्षांनी धाकटं! वय नेहमी सगळ्यांत नव्या भागावरून ठरवायचं. दुसरा घोळ खैबर खिंडीतला. तिकडच्या कारागिरांनी इंग्रजी बंदुकांच्या हुबेहूब नकला केल्या, शिक्क्यांसकट. इंग्रजी येत नसल्याने कुठे ‘एन’ उलटा, तर कुठे ‘व्ही. आर.’च्या खाली सन १९१०. राणी १९०१मध्येच गेली होती, राव!

हे सगळं झालं हौसेचं. आता कामाचं. भिंतीवर टांगायची की नाही, हे वयावर ठरत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार जुन्या ढंगाचं किंवा पुराणमूल्य असलेलं हत्यार दुरुस्त करूनही झाडता येणार नसेल, तरच सूट मिळते. ‘जुनी आहे, कोण विचारतंय?’ हा फंडा इथे चालत नाही. परवानाधारक आजोबा गेले असतील तर बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला परवाना हवा असेल तर अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच बंदुका, वारशाने आलेली धरून. आजोबा अजून ठणठणीत असतील तर उत्तमच! वय ७० झालं असेल किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. २०१६च्या नियमांत ही सोय आहे.

म्हणून पुढच्या वीकेंडला गावी जाल तेव्हा बंदूक डिकीत टाकून आणू नका. आधी ट्रंकेतली जुनी कागदपत्रं चाळा. पिवळ्या पडलेल्या परवान्यावर बंदुकीचा प्रकार आणि नंबर असतो, तो नळीवरच्या नंबराशी जुळतो का पाहा. आणि मुख्य म्हणजे आजोबांजवळ बसा. बंदूक कधी बनली ते लोखंड सांगेल. ती आपल्या घरात कशी आली, हे सांगणारं माणूस मात्र एकच उरलेलं असतं.