उमेदवाराचे दात आणि समाजाची नजर

वऱ्हाडच्या बैलबाजारात गोऱ्हा दुदाती की चौदाती हे जबडा उघडून पाहिल्याशिवाय सौदा ठरत नाही. माणसाच्या बाबतीत हीच पारख अधिक सभ्य नावांनी शतकानुशतके चालत आली आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत पुरुषलक्षणे सांगताना सारखे, दाट, तुकतुकीत दात शुभ ठरवले आणि दातांवरून माणसाचे भाग्य वाचण्याच्या सवयीला शास्त्राचा आधार मिळाला.

शुभ कशाला म्हणायचे, हे मात्र काळ ठरवीत गेला. आपल्याकडे एके काळी सवाष्णी दातवण लावून दात काळे करीत, जपानच्या दरबारातही काळे दात कुलीनतेची खूण मानले जात. 1873 मध्ये तिथली सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली आणि पाहता पाहता जुने भूषण गावंढळ ठरले.

पोटापाण्याशी दातांचा थेट संबंध जोडला तो फौजेने. काडतूस दातांनी तोडून बंदूक ठासण्याच्या काळात समोरचे दात नसलेला गडी युरोपीय सैन्याला निरुपयोगी होता. अशाच काडतुसांवरून 1857 चा भडका उडाला. पुढे बोअर युद्धात (1899-1902) ब्रिटनने सैन्यात यायला निघालेले कितीतरी तरुण किडलेल्या दातांसह नाना शारीरिक उणिवांपायी परत पाठवले, तेव्हा साम्राज्याला प्रश्न पडला की एवढी पिढी खंगली कशी; 1904 च्या चौकशी समितीनंतर 1907 मध्ये कायद्याने शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. भरतीच्या दारात दिसणारा दोष बालपणात रुजलेला असतो, हा त्यातला धडा होता.

तो धडा अमेरिकेतल्या ग्लीड आणि नायडेल यांच्या 2010 च्या अभ्यासाने पैशांत मांडला: ज्या गावांच्या नळाच्या पाण्यात दातांच्या रक्षणासाठी बेताचे फ्लोराइड घातले जाई, तिथे वाढलेल्या स्त्रियांची कमाई सुमारे 4 टक्के जास्त निघाली, आणि हा लाभ मुख्यतः गरीब घरांतल्या मुलींना झाला.

आज नांदगाव खंडेश्वरसारख्या कोरडवाहू तालुक्यातल्या ज्या पोराला कपाशी-सोयाबीनच्या भरवशावर संसार मांडवत नाही, तो पहाटे उठून भरतीसाठी धावतो. पण सैन्याला छाती-उंचीसोबत 14 डेंटल पॉइंट, म्हणजे दातांचे गुणही लागतात, आणि शहरातल्या शोरूमच्या मुलाखतीत तर काही न सांगताच दात मोजले जातात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. त्याचे पिवळे-तपकिरी डाग लहानपणी दात घडतानाच पडतात आणि ब्रशने जात नाहीत. गुटख्यावर 2012 पासून बंदी असूनही पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. एक डाग पाण्याचा, दुसरा व्यसनाचा. पाहणाऱ्याला दोन्ही आळसाचेच वाटतात.

बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला आणि त्याच्या यादीत दंतक्षय आहे. ब्रिटनला जे कळायला एक युद्ध लागले, ते आपल्या कागदावर आधीच लिहिलेले आहे. सहा वर्षांच्या मुलाचे दात शाळेत तपासून उपचारापर्यंत नेणे आणि गावाचे पाणी तपासणे हे शासनाचे काम. आणि ज्या कामाला दात लागत नाहीत, त्या कामासाठी दात न पाहणे हे नोकरी देणाऱ्याचे. ही दोन कामे टाळून विशीतल्या उमेदवाराला दोष देणारा समाज स्वतःचाच गुन्हा दुसऱ्याच्या तोंडात शोधतो.