ईद कार्ड : अर्धा तास एका माणसासाठी

रमजानचा दुसरा अशरा संपत आला की घराघरांत दोन याद्या होतात. एक किराण्याची : शेवया, खजूर, खोबरे, चारोळी. दुसरी कपड्यांची. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिसरी यादीही असायची, ईद कार्ड कोणाकोणाला पाठवायचे याची. चुलत्यांना, मामूंना, नागपूरला दिलेल्या फुफीला, बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्यांना. आता ती यादी फोनमध्ये गेली आहे. चाँदरातीला एकच चित्र पंधरा जणांकडून येते आणि आपणही तेच पुढच्या पंधरा जणांना ढकलतो. त्यात प्रेम नसते असे आम्ही म्हणणार नाही. पण पाठवताना आपण कोणा एकाचा चेहरा डोळ्यांसमोर आणलेला नसतो, एवढे खरे.

म्हणून या महिन्यात आम्ही घरी ईद कार्ड बनवण्याविषयी लिहीत आहोत. खर्च फार नाही. लागतो तो वेळ, एका कार्डाला साधारण अर्धा तास. तो अर्धा तास ज्याच्या नावाने जातो, त्याला तो कळतो.

आधी थोडा इतिहास. छापील नाताळ कार्ड लंडनमध्ये १८४३ साली निघाले. आपल्याकडे रेल्वे, टपाल आणि छापखाने पसरले, तशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ईद कार्डे दिसू लागली. सुरुवातीची कित्येक कार्डे मुळात ईदची नव्हतीच. युरोपातून आलेली फुलांची, बागांची, लहान मुलांची चित्रे असत आणि त्यांवर उर्दूत ‘ईद मुबारक’ छापलेले किंवा हाताने लिहिलेले असे. पुढे लाहोर, दिल्ली आणि मुंबईच्या छापखान्यांनी खास ईदची कार्डे काढली, त्यांवर मशिदी, चाँद, गळाभेटीची चित्रे आली. म्हणजे हाताशी आहे त्या कागदावर आपले दोन शब्द उमटवायचे, ही या कार्डांची जुनीच रीत आहे. आपणही तेच करू.

कागद

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला कागद कुठून येतो हे सांगावे लागत नाही. बल्लारपूरच्या कागद कंपनीची स्थापना १९४५ ची. तिच्यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे ट्रकांनी गेला. तो बांबू कोणाचा, हा प्रश्नही इथेच लढला गेला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मुलांना कागद देताना आम्ही ही गोष्ट सांगतो. मग कोपऱ्यातला चंद्र कापून उरलेला ताव चुरगाळून फेकायला मुलांचा हात जरा थांबतो.

नवा कागद घेण्याआधी घरातला खण उघडा. लग्नपत्रिका जाड असतात, त्यांची मागची बाजू कोरी असते. फक्त एक काळजी घ्या. पत्रिकेवर बिस्मिल्ला, आयत किंवा अल्लाहचे नाव असेल तर तेवढा भाग आधी अदबीने काढून वेगळा ठेवा, त्यावर कात्री चालवू नका. त्याच कारणाने आपल्या कार्डावरही आयत लिहू नये असे आम्हाला वाटते. कार्ड मुलांच्या हातात फिरते, कधी पायाखालीही येते. ‘ईद मुबारक’ पुरेसे आहे.

टपालाने पाठवायचे असेल तर वजनाचा हिशेब करा. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपयांचे तिकीट लागते. २५० जीएसएमच्या जाड कागदाचा एक ए-फोर ताव साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास भरतो, वर पाकीट आणि चिकटवलेल्या वस्तू आल्या की वीसची हद्द ओलांडते. म्हणून तावाचे दोन भाग करून त्याचे लहान घडीचे कार्ड करा. सहावीच्या मुलांना हे गणित द्यावे : ए-फोरचे सोळा ताव म्हणजे एक चौरस मीटर. बाकीचे ती स्वतः काढतात.

डाय, म्हणजे कापायचा साचा

लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये कधी गेलात तर डाय पाहायला मागा. जाड प्लायवुडमध्ये हव्या त्या आकाराची खाच पाडून तीत पोलादी पाते बसवलेले असते. पात्याच्या दोन्ही बाजूंना रबराचे किंवा स्पंजचे तुकडे चिकटवतात, म्हणजे दाब सुटताच कागद आपोआप वर उचलला जातो. ट्रेडल मशीनवर हा साचा लावला की प्रत्येक दाबाला एक पत्रिका कापून निघते.

घरी एवढे लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानात गोल आणि चांदणीचे क्राफ्ट पंच मिळतात. गोल पंचाने आधी एक चकती काढा. तीच चकती पंचात थोडी सरकवून पुन्हा दाबा. हातात उरतो तो चाँद. पंच नसेल तर बांगडी ठेवून एक गोल काढा, बांगडी जराशी सरकवून दुसरा काढा आणि मधला भाग कात्रीने कापा. आठ टोकांची चांदणी हवी असेल तर एकाच मापाचे दोन चौकोन कापा आणि एकावर एक ४५ अंश फिरवून चिकटवा. जुन्या मशिदींच्या जाळ्यांमध्ये ही नक्षी तुम्ही पाहिली असेल.

सर्वांत देखणे होते ते खिडकीचे कार्ड. कार्डाच्या पुढच्या पानावर कमानीचा आकार कापायचा आणि आतल्या पानावर मिठाईच्या डब्यातला सोनेरी कागद लावायचा. बंद कार्डातूनही सोनेरी कमान दिसते. कमान कोणती काढायची, असे मुले विचारतात. बाजारातल्या चित्रांत दुबईच्या उंच इमारती असतात. आम्ही म्हणतो, आपल्या गोंडकालीन चंद्रपूरच्या कोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या दरवाजांखालून आपण रोज जातो. एकदा मान वर करून नीट पाहा आणि तीच कमान काढा. परगावी गेलेल्या माणसाला ती कमान दिसली तर त्याला घरच दिसेल.

शिक्के

शिक्क्यांसाठी आधी स्वयंपाकघरात बघा. भेंडीचा देठाकडचा तुकडा आपण टाकून देतो. तो आडवा सपाट कापून रंगात टेकवला की बहुधा पाच पाकळ्यांची चांदणी उमटते. केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापला तर त्याचा आकारच चंद्रकोरीचा असतो आणि आतल्या पोकळ्यांमुळे जाळीदार नक्षी येते. बांबूची बारीक नळी कापली की गोल कडे मिळते, तीच उभी चिरली की अर्धे कडे. करंजीचे कातणे जाड रंगात फिरवून कागदाच्या कडेने ओढले की नागमोडी किनार तयार. फक्त ते कातणे नंतर स्वयंपाकात वापरू नका. बटाट्याचा शिक्का कापल्यावर कापडाने टिपून घ्यावा, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग फाटतो.

रंग विकतचा पोस्टर कलर चालतो. पण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०२४ मध्ये ती ११ एप्रिलला झाली, २०२५ मध्ये ३१ मार्चला. म्हणजे सध्या काही वर्षे रमजान आणि आपल्या जंगलातल्या पळसाचा बहर जवळजवळ येत आहेत. पळसाची गळलेली फुले उकळा, पाणी आटवा, त्यात थोडा डिंक विरघळवा. पिवळा-केशरी रंग मिळतो. चिमूटभर चुना घातला की तो अधिक तांबूस होतो. पातळ स्पंज झाकणात ठेवून त्यावर हा रंग ओता, तेच तुमचे स्टॅम्प पॅड.

आता अक्षरांचा शिक्का. त्यासाठी मोठे खोडरबर घ्या. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने गडद ‘ईद मुबारक’ लिहा, कागद उलटा करून रबरावर ठेवा आणि पाठीमागून नखाने घासा. अक्षरे रबरावर उलटी उतरतात. भोवतालचे रबर पात्याने कोरून काढायचे. हे काम मोठ्यांनी करावे किंवा मोठ्यांच्या समोर व्हावे. शिक्का उलटा कोरला तरच छाप सुलट येतो.

इथे वर्गात दरवेळी एक गंमत होते. मराठीतला ‘ईद मुबारक’ रबरावर उतरला की तो उजवीकडून डावीकडे धावतो, जणू उर्दू. आणि उर्दूतला ऐन, ये, दाल रबरावर उतरला की डावीकडून उजवीकडे, जणू मराठी. मुले काही वेळ दोन्ही रबरे शेजारी ठेवून बघत राहतात. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, पण आमच्या कोणत्याही धड्याने या दोन लिपींची इतकी जवळून भेट घडवलेली नाही.

चंद्राचेही तसेच. कार्डांवर पुष्कळदा इंग्रजी ‘सी’सारखी उभी कोर असते. तशी डावीकडून उजळलेली कोर आपल्याकडे महिन्याच्या शेवटी, पहाटे पूर्वेला दिसते. ईदचा चाँद मगरिबनंतर पश्चिमेला दिसतो. त्याची उजळ कड बुडालेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली आणि थोडी उजवीकडे असते. मार्च-एप्रिलमध्ये तर तो पाण्यावरच्या होडीसारखा जवळजवळ पाठीवर टेकलेला असतो. कोरीच्या दोन टोकांच्या आत चांदणीही दिसू शकत नाही, कारण तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो. शोभेसाठी चांदणी जरूर काढा, पण जरा बाजूला. आणि शिक्का कोरताना कोर उलटी करायला विसरू नका, नाहीतर ईदच्या कार्डावर महिना संपल्याचा चंद्र उमटेल.

कोणाला पाठवायचे

आपल्या भागातल्या अनेक घरांत एकाच छताखाली दोन-तीन लिपी नांदतात. दादी उर्दू वाचते, वडील मराठी, नातवंडे मराठी किंवा इंग्रजी. बोलणे सगळ्यांना समजते, पण एकमेकांनी लिहिलेले वाचता येत नाही. मागच्या एका रमजानमध्ये सहावीतल्या एका मुलीने सिरोंच्याला राहणाऱ्या आपल्या नानीसाठी कार्ड केले. नानीला फक्त उर्दू वाचता येते, मुलीला उर्दू अजिबात येत नव्हती. तिने उर्दू शिक्का कोरला. ऐनचे तोंड तीनदा बिघडले, तीन रबरे गेली. चौथे जमले. खाली आपले नाव मात्र तिने मराठीत लिहिले, कारण उर्दूत लिहायचे कसे ते ठाऊक नव्हते. ईदनंतर नानीचा फोन आला. ईद मुबारक वाचले, म्हणाल्या, पण खाली कोणाचे नाव आहे ते शेजाऱ्यांकडून वाचून घ्यावे लागले. पुढच्या ईदला नाव मला वाचता येईल असे लिही.

ती मुलगी आता शाळा सुटल्यावर वीस मिनिटे थांबते. जूनपासून अलिफपासून सुरुवात केली, दिवाळीपर्यंत स्वतःचे नाव लिहू लागली. नातवंडांना उर्दू शिकवा, असे आम्ही पालकांना अनेक वर्षे सांगत आलो आहोत. आमच्या सांगण्याने जे झाले नाही, ते नानीच्या एका फोनने झाले. लिपी टिकते ती अशी, कोणीतरी आपले वाचायची वाट बघत असेल तर.

तेव्हा यादी लहान ठेवा. पन्नास कार्डे करायला गेलात तर ती छापखान्यासारखी होतील. घरटी तीन कार्डे पुरेत. पहिले, ज्याला फोन वापरता येत नाही अशा घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला, त्याला वाचता येईल त्या लिपीत. दुसरे शेजारच्या घरी, शीरखुर्म्याच्या भांड्यासोबत. भांडे परत येते, कार्ड तिथेच राहते. शेजारी मुस्लिम नसतील तर मराठीत ‘ईदच्या मनःपूर्वक शुभेच्छा’ लिहा आणि घरातल्या सगळ्यांची नावे लिहा, लहान मुलाचेसुद्धा. हल्ली एका गल्लीत राहूनही एकमेकांच्या मुलांची नावे माहीत नसतात. तिसरे कार्ड अशा घरी पाठवा, जिथे या वर्षी कोणाचा इंतकाल झाला आहे. त्यांची ही पहिली ईद असते. तिथे सोनेरी कागद नको, चांदण्या नकोत. साधी कमान आणि दोन ओळी : आम्हाला त्यांची आठवण आहे, आम्ही दुआ करतो. अशा घरी लोक ईदला काय बोलावे हे न सुचल्याने जायचे टाळतात. कार्ड घेऊन गेलात तर दार वाजवायला निमित्त मिळते.

टपालाने जायची कार्डे ईदच्या दहा-बारा दिवस आधी पेटीत टाका. भामरागड, एटापल्लीकडच्या आतल्या गावांना जाणारी त्याहून आधी. पाकिटावर पत्ता मुलांना लिहू द्या, पिनकोडसह. आणि खाली नाव लिहिताना एकदा विचारा, समोरच्याला हे वाचता येईल ना?

अल्लाह आपले रोजे कबूल करो. आपणा सर्वांना आगाऊ ईद मुबारक.