साथीचा नकाशा आणि 'ताप' नावाचा रकाना

कोविडच्या वर्षांनंतर 'महामारी आणि साहित्य' या विषयावर आपल्या महाविद्यालयांतून बरीच चर्चासत्रे झाली. त्यांपैकी बहुतेकांत एक विधान हमखास ऐकू आले: आकडे मुके असतात, साहित्य बोलके असते. विधान सुटसुटीत आहे, टाळ्याही घेते. आमचा मात्र त्याला आक्षेप आहे. या विधानामुळे साहित्याच्या अभ्यासकाला एक सोयीची पळवाट मिळते. आकडेवारी संख्याशास्त्रज्ञांकडे आणि वेदना आपल्याकडे, अशी वाटणी एकदा करून टाकली की ज्या कागदांवरून आकडे तयार झाले ते कागद वाचण्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. वस्तुतः ते कागद भाषेत लिहिलेले असतात. आपल्याकडच्या एका मोठ्या साथीच्या बाबतीत तर त्यांतले असंख्य कागद मराठीत लिहिलेले होते. ती साथ म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा.

एखादी साथ देशभर कशी पसरली, याचा माग काढायचा म्हणजे नेमके काय करायचे? रोगाचा विषाणू कुणाला प्रवास करताना दिसत नाही. १९१८ साली तर माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडलेलाही नव्हता. तो १९३३ मध्ये वेगळा करता आला. त्या वर्षी नकाशावरून जे सरकत गेले ते होते रोगाविषयीचे लेखन: रुग्णालयाच्या वहीतली नोंद, आरोग्याधिकाऱ्याचा अहवाल, गावातून तालुक्याला गेलेला मृत्यूंचा तक्ता. साथीचा नकाशा अशा हजारो नोंदींतून संपादित झालेला मजकूर असतो. आणि मजकूर म्हटला की कोणी लिहिला, कोणत्या शब्दांत, काय गाळले, हे प्रश्न आपल्या शास्त्राचे प्रश्न आहेत.

मुंबईपासूनच पाहू. १० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस खात्यातील सात शिपाई तापाने आजारी पडून पोलीस रुग्णालयात दाखल झाले. ताप हिवतापाचा नव्हता. त्यांच्यापैकी एकाची नेमणूक गोदीवर होती. पुढच्या काही दिवसांत गोदीशी व जहाजांशी संबंधित कचेऱ्या, मग बँका, टपाल-तार खाते आणि गिरण्या अशा क्रमाने आजार शहरात शिरला. शहराचे आरोग्याधिकारी जे. ए. टर्नर यांनी हा क्रम टिपला आणि मे महिन्याच्या अखेरीस बंदराला लागलेल्या एका जहाजाकडे बोट दाखवले. सरकारी बाजूचे म्हणणे निराळे होते: जहाजाने शहराला आजार दिला नाही, शहरानेच तो जहाजावरच्या माणसांना दिला.

हा वाद वैद्यकीय होता हे खरेच. पण त्याचे रूप व्याकरणाचे आहे. वाक्य एकच, कर्ता मात्र दोघांचा वेगळा. 'जहाजाने आणला' असे लिहिले की युद्धकाळातील लष्करी वाहतूक जबाबदार ठरते. 'शहरात होताच' असे लिहिले की दाटीवाटीच्या चाळी आणि त्यांतली माणसे. साथीचा उगम शोधणारे प्रत्येक वाक्य असा कर्ता निवडत असते. अशी निवड ओळखणे आपण विद्यार्थ्यांना कादंबरी वाचताना शिकवतो, अहवाल वाचताना शिकवत नाही.

जूनची लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आली ती दुसरी लाट संहारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. मुंबईहून रेल्वेच्या वाटांनी साथ दख्खनात, मध्य प्रांत-वऱ्हाडात, उत्तरेकडे पसरली. सिद्धार्थ चंद्र आणि इव्हा कासेन्स-नूर यांनी २०१४ साली जुन्या नोंदींच्या आधारे या प्रवासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसते ते असे: लाट पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना तिची तीव्रता कमी होत गेली आणि मुक्काम लांबत गेला. मुंबई इलाख्यात ती उंच आणि अरुंद होती; बंगालकडे पोहोचेपर्यंत बुटकी आणि रुंद झाली. शंभर वर्षांपूर्वीच्या साथीबद्दल आज इतके सांगता येते, याचे श्रेय कुणाला द्यायचे? संशोधकांना तर खरेच. पण त्यांच्याआधी गावोगावच्या त्या नोंद करणाऱ्यांना, ज्यांची नावे कुठल्याही प्रबंधात येत नाहीत.

ही नोंद कशी होत असे, ते पाहण्यासारखे आहे. मृत्यूची वर्दी गावच्या कामगारांकडे जाई. ती वहीत चढे, वहीवरून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग प्रांताच्या सॅनिटरी कमिशनरकडे आकडा पोहोचे. मरणाच्या कारणासाठी ठरावीक रकाने होते: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण व आमांश, श्वसनाचे विकार, इजा आणि इतर. इन्फ्लुएंझाचा रकानाच नव्हता. ज्याला मरताना ताप होता तो 'ताप' या रकान्यात जाई. हिवताप, विषमज्वर, बाळंतज्वर, सारे तिथेच. देशाच्या इतिहासातील कदाचित सर्वांत मोठा मृत्युसंहार अशा रीतीने एका सामान्यनामाखाली नोंदला गेला.

मग संशोधकांनी काय केले? आधीच्या वर्षांत त्याच महिन्यांत 'तापा'ने किती माणसे जात होती याची सरासरी काढली आणि १९१८ च्या आकड्यातून ती वजा केली. जे अधिक उरले ते साथीचे. म्हणजे या साथीचा माग लागला तो तिच्या नावावरून नव्हे, तर नेहमीच्या एका शब्दाला अचानक आलेल्या वजनावरून. शब्द तोच, पण त्या दोन-तीन महिन्यांत त्याचा अर्थ बदलला होता. अर्थपरिवर्तनाचे याहून भीषण उदाहरण आम्हाला माहीत नाही.

लोकांनी मात्र साथीला नाव दिले होते. सरकारी अहवालात 'इन्फ्लुएंझा', गावच्या वहीत 'ताप' आणि लोकांच्या तोंडी 'मानमोडी'. या तीन शब्दांत तीन दृष्टी आहेत. पहिला आंतरराष्ट्रीय वैद्यकाचा, दुसरा कारकुनी सोयीचा, तिसरा ज्यांच्या घरात माणसे गेली त्यांचा. 'मानमोडी' या शब्दात रोगाचे लक्षण आहे, त्याचा वेग आहे आणि शिव्याशापाची धारही आहे. नकाशा तयार झाला तो पहिल्या दोन शब्दांवरून. तिसरा आजीआजोबांच्या बोलण्यात उरला आणि त्यांच्याबरोबर जवळपास संपला.

एकूण मृत्यूंच्या आकड्याचा इतिहास तर पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटावा असा आहे. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या प्राथमिक अहवालाच्या काळात अंदाज सुमारे ६० लाखांचा होता. १९२१ च्या जनगणनेनंतर तो दुपटीच्या आसपास गेला. १९८६ मध्ये आय. डी. मिल्स यांनी तो १ कोटी ७० लाखांच्या पुढे नेला. २०१२ मध्ये चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे १ कोटी ३८ लाखांवर आणला. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले तर १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातले लोकसंख्या घटलेले एकमेव दशक आहे, यावरून आघाताचा आवाका कळतो. पण आकड्यांतला हा फरक पाहून 'आकड्यांचे काही खरे नसते' असे म्हणणे म्हणजे पाठभेद आहेत म्हणून ज्ञानेश्वरीच नाकारण्यासारखे आहे. पाठभेद कोठून आले हे शोधायचे असते. इथे ते आले मुख्यतः नोंदींतील खंडांमुळे. ऐन साथीत नोंद करणारेच आजारी पडले, काही दगावले. कित्येक गावांत लिहायला माणूस उरला नाही. जिथे मृत्यू सर्वाधिक, तिथेच वहीची पाने कोरी राहण्याची शक्यताही सर्वाधिक. कोरे पान हाही पुरावा असतो. तो वाचता मात्र आला पाहिजे.

आणि रकान्यांची शीर्षके? तीही वाचायला हवीत. मुंबई शहरात इन्फ्लुएंझाने झालेल्या मृत्यूंचे दर हजारी प्रमाण समाजवार मांडले गेले होते. युरोपियनांत ते ८.३ होते, पारशांत ९.०, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि ज्यांना त्या तक्त्याने 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले त्यांच्यात ६१.६. हा तक्ता मुका आहे असे कोणाला म्हणवेल? हवा सर्वांची एक होती, मरण मात्र वस्तीप्रमाणे वाटले गेले. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते, युद्ध चालू होते. अपुरे अन्न आणि अंधाऱ्या खोल्या यांचा हिशेब त्या एका आकड्यात आला आहे. त्याच वेळी 'खालच्या' हे विशेषण ज्याने वापरले त्याची दृष्टीही त्यात आली आहे. आकडा अन्याय उघड करतो आणि त्याचे शीर्षक त्याच अन्यायाची भाषा बोलते. हे दोन्ही एकाच वेळी वाचणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण ललित साहित्याने त्या साथीची आठवण ठेवलीच की. हिंदीत ठेवली. निरालांची पत्नी त्या साथीत गेली, घरातली इतर माणसेही गेली, आणि 'कुल्ली भाट' मध्ये त्यांनी तो काळ नोंदवला. अहमद अली यांच्या १९४० च्या इंग्रजी कादंबरीत दिल्लीतला इन्फ्लुएंझा येतो. मराठीत मात्र प्लेगला जी जागा मिळाली ती इन्फ्लुएंझाला मिळाली नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त प्लेग आहे, चरित्रांत आहे, राजकीय इतिहासात तर १८९७ चा रँडचा वध आहेच. आमच्या मते याचे कारण कथनाच्या स्वरूपात आहे. प्लेगमध्ये कथानक होते: घरझडत्या, गाव सोडून झोपड्यांत राहणे, सोजिरांची दांडगाई, प्रतिशोध. इन्फ्लुएंझात खलनायक नव्हता. तो आला, काही आठवड्यांत घरे रिकामी करून गेला, आणि सरकार, डॉक्टर, संपादक, लेखक सारेच एकाच वेळी अंथरुणावर होते. अशा मरणाला गोष्ट लाभत नाही. म्हणूनच, जिथे साहित्य गप्प राहिले तिथे गावच्या वहीतला 'ताप' हा दोन अक्षरी शब्द हीच आपल्या भाषेने त्या माणसांची ठेवलेली आठवण आहे. बोलके कोण आणि मुके कोण, हा प्रश्न इथे उलटतो.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. तेव्हा विषाणू ओळखणारी संस्था त्याच शहरात होती, चाचणी होती, नाव होते. तरीही मोजले गेले ते चाचणीपर्यंत पोहोचलेले. कोविडच्या वेळी हे अंतर किती मोठे असू शकते ते दिसले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी भारताचा अधिकृत आकडा पाच लाखांच्या आत होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये अधिकच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे ४७ लाख दिला आणि भारत सरकारने तो अमान्य केला. अधिकचे मृत्यू मोजण्याची हीच रीत १९१८ च्या साथीलाही लावली गेली होती. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले मृत्यू एक-चतुर्थांशाहूनही कमी होते. शंभर वर्षांत जनुकीय क्रम वाचता येऊ लागला, पण बहुसंख्य माणसांच्या मरणाचे कारण लिहिणारे वाक्य आजही अपुरेच आहे.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुन्या जन्म-मृत्यूच्या वह्या उघडल्या गेल्या. कुठे त्यांना गाव नमुना चौदा म्हणतात, कुठे कोतवाल बुक. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. सारे डोळे जातीच्या रकान्याकडे होते. त्याच पानावर मरणाच्या कारणाचाही रकाना आहे. शासनाला तो नको असेल. मराठी विभागांना तो हवा असायला हवा. एम.ए.च्या वर्गात मोडी लिपी शिकवली जाते तिथे एका गावची १९१८ ची सप्टेंबर ते डिसेंबरची पाने विद्यार्थ्यांना लिप्यंतरासाठी द्यावीत. कोणत्या आळीत पहिली नोंद आहे, बायकांची नोंद कशी केली आहे, मुलाला नाव दिले आहे की नुसते 'मूल' लिहिले आहे, अक्षर कोणत्या तारखेला बदलते आणि का बदलते, हे त्यांनी पाहावे. एवढ्याने साथीच्या नकाशात मोठी भर पडेल असा आमचा दावा नाही. पण नकाशावरचा ठिपका कशाचा बनलेला असतो हे त्यांना कळेल.

वह्यांचा कागद ठिसूळ झाला आहे. ज्या तहसील कचेऱ्यांत त्या आहेत तिथे वाळवी आणि ओल दोन्ही आहेत. महामारीवरची चर्चासत्रे पुढेही होतील. तोवर ही पाने टिकतील याची खात्री देता येत नाही.